टेकऑफच्या वेळी विमानामागचा वेक टर्ब्युलन्स मोजायचाय? आरसी मॉडेल घेऊन माळावर करायची पूर्ण पद्धत

सांगली-मिरज-कराड पट्ट्यातली इंजिनिअरिंगची पोरं दरवर्षी हा प्रोजेक्ट घेतात आणि दरवर्षी तोच ग्राफ दाखवतात. रनवेच्या मधोमध, विमानाच्या बरोब्बर मागं एक अ‍ॅनिमोमीटर (वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र) रोवलेला, विमान सुटलं की सुई सेकंदाला सहा-सात मीटरवर, आणि खाली लिहिलंय "वेक टर्ब्युलन्स मिळाला". अरे बाबांनो, वेक टर्ब्युलन्स म्हंजे उडणाऱ्या विमानाच्या पंखांच्या टोकांमागं सुटणारे भोवरे; तुम्ही मोजलाय तो पंख्याचा वारा आहे. प्रॉपवॉश. विमान बांधून ठेवून नुसता थ्रॉटल दिला तरी तेवढाच येतो, त्यासाठी उडवायची गरजच नाही.

म्हणून हे सगळं क्रमानं लिहितोय. क्रम मोडू नका, कारण यातलं बरंचसं काम विमान जागचं हलायच्या आधीचं आहे.

मोठ्या विमानावर हे करायला लिडार (लेसरनं लांबून हवेचा वेग मोजायचं यंत्र) लागतो आणि एअरपोर्टच्या आत पाय ठेवायची परवानगी, त्यामुळं तो नाद सोडा. दोन मीटर पंखाचं आरसी (रिमोटनं उडणारं) मॉडेल, मोकळा माळ आणि जमिनीजवळ आडवी मांडलेली सेन्सरची रांग, एवढ्यात भोवरे पकडता येतात. मोठ्या एअरपोर्टवर विमानाच्या वाटेखाली अ‍ॅनिमोमीटरची आडवी रांग लावून मोजायची पद्धत आहेच, आपण तीच लहान करून वापरतोय.

## टप्पा १: नेमकं काय मोजायचं ते आधी डोक्यात बसवा

पंख लिफ्ट देतो म्हंजे पंखाखाली दाब जास्त, वर कमी, आणि टोकाशी खालची हवा वर वळसा घेते. त्यातून दोन्ही टोकांमागं दोन उलट फिरणारे भोवरे सुटतात. ते एकमेकांना खाली ढकलत जातात, जमीन जवळ आली की खाली जायचं थांबून बाजूला सरकायला लागतात, उजवा उजवीकडं आणि डावा डावीकडं.

यातून तीन गोष्टी निघतात.

पहिली, चाकं जमिनीवर असताना पंख फारशी लिफ्ट देतच नाही, त्यामुळं नाक उचलेपर्यंत म्हंजे रोटेशनपर्यंत मोजण्यासारखा भोवरा नसतो. रनवेच्या सुरुवातीला सेन्सर लावून उपयोग शून्य.

दुसरी, भोवऱ्याचा वारा रनवेच्या लांबीला आडवा असतो. विमान पूर्वेकडं चाललं असेल तर तुम्हाला उत्तर-दक्षिण वारा मोजायचाय. लांबीच्या दिशेचा वारा प्रॉपवॉशचा.

तिसरी, जमिनीलगत भोवऱ्याखाली हवा दोन्ही बाजूंना बाहेरच्या दिशेनं जाते. उजवीकडच्या सेन्सरवर उजवीकडं, डावीकडच्यावर डावीकडं. दोन्हीकडं एकाच दिशेचा झटका आला तर ती नुसती वाऱ्याची झुळूक आहे, नोंद करा आणि ती रन सोडून द्या.

## टप्पा २: कागदावर गणित करा, मगच सामान घ्या

हा टप्पा सगळे टाळतात आणि मग कुठला सेन्सर घेऊ म्हणून विचारत बसतात. किती मोठा आकडा येणार हेच माहीत नसेल तर सेन्सर निवडणार कसा?

लागतात फक्त तीन आकडे: उडायला तयार असलेल्या विमानाचं वजन (बॅटरीसकट, हुकवाल्या काट्यावर), पंखाची टोक ते टोक लांबी आणि टेकऑफनंतरचा वेग.

आपण उदाहरण घेऊ: वजन ५ किलो, पंख २ मीटर, वेग सेकंदाला १२ मीटर.

१. दोन भोवऱ्यांतलं अंतर पंखाच्या लांबीपेक्षा कमी असतं, ०.७८५ पट धरा. म्हंजे १.५७ मीटर. (हे लंबवर्तुळाकार लिफ्टसाठी आहे, साध्या आयताकृती पंखाला थोडं वेगळं येतं, पण सुरुवातीला हेच चालेल.)

२. हवेची घनता पुस्तकातली १.२२५ घेऊ नका, ती समुद्रसपाटीची आहे. सांगली साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर, थंडीतल्या सकाळी १५ अंश धरले तर १.१५ येते. साताऱ्याला अजून जरा कमी.

३. भोवऱ्याची ताकद, जिला सर्क्युलेशन म्हणतात: वजन न्यूटनमध्ये ÷ (घनता × वेग × भोवऱ्यांतलं अंतर). म्हंजे ४९ ÷ (१.१५ × १२ × १.५७) = साधारण २.२६ चौरस मीटर प्रति सेकंद.

४. जोडी खाली जायचा वेग: सर्क्युलेशन ÷ (२ × पाय (π, ३.१४) × अंतर) = सेकंदाला ०.२३ मीटर.

५. विमान सेन्सरच्या रेघेवरून २ मीटर उंचीवर गेलं तर भोवरे खाली येऊन जमिनीपासून साधारण ०.७३ मीटरवर स्थिरावतात आणि तिथून सेकंदाला पाव मीटरच्या आसपास बाहेर सरकतात.

६. जमिनीपासून २५ सेंटिमीटरवर लावलेल्या सेन्सरवरून भोवरा गेला की आडवा वारा सेकंदाला साधारण १.१ मीटर दिसायला पाहिजे. हा सगळ्यात चांगल्या परिस्थितीतला आकडा, प्रत्यक्षात कमीच येईल.

बघा, सेकंदाला एक मीटर. अंगाला जाणवेल न जाणवेल इतका. हा एक आकडा कळला की पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात.

सूत्रात वेग खाली आहे हे लक्षात घ्या. जड आणि हळू विमानाचा भोवरा जास्त ताकदीचा. त्यामुळं "जोरात उडव, जास्त वेक येईल" असं पायलटला सांगणारा ग्रुपमधला पोरगा उलटं सांगतोय.

तपासा: गणितात आडवा वारा सेकंदाला अर्ध्या मीटरपेक्षा कमी येत असेल तर विमान छोटं किंवा हलकं आहे. सेन्सरवर पैसे घालण्याआधी विमान बदला, नाहीतर पोटात वजन वाढवा. वजन वाढवलं तर गुरुत्वमध्य तपासल्याशिवाय उडवायचं नाही.

## टप्पा ३: जागा आणि वेळ

आपल्याकडं माळ भरपूर आहेत पण शांत हवा कमी. मोजायचा वारा एक मीटरचा असेल तर आजूबाजूचा वारा अर्ध्या मीटरच्या आत हवा. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हंजे त्याची चढउतार, स्टँडर्ड डिव्हिएशन, सेकंदाला ०.२ मीटरच्या आत हवी.

वर्षातला चांगला काळ डिसेंबर ते फेब्रुवारी. दिवसातली वेळ, सूर्य उगवला की पुढचा पाऊण तास. जानेवारीत सातच्या आसपास उजाडतं म्हंजे अंधारातच जाऊन मांडामांड करावी लागणार. साडेआठनंतर जमीन तापून हवा वर उठायला लागते, मग दिवसभर काही मिळत नाही. दुपारी अकराला जाणाऱ्या ग्रुपनं घरीच बसलेलं बरं.

जागा निवडताना:

- पवनचक्क्या दिसतायत तिथं जाऊच नका. ढालगाव असो नाहीतर चाळकेवाडीचं पठार, त्या तिथं उभ्या केल्यात त्याच मुळी वारा आहे म्हणून. जागा कितीही सपाट दिसू दे.
- डोंगराच्या पायथ्याला रात्रभर गार हवा उतारावरून खाली वाहत असते, पहाटे ती चालूच असते. साताऱ्यात यवतेश्वर, अजिंक्यतारा यांच्या कुशीतली मैदानं दिसायला आडोशाची, पण पहाटे तिथं हळू एकसारखा वारा मिळतो.
- कृष्णाकाठ टाळा. हवा शांत असते पण धुकं इतकं की कॅमेऱ्याला काही दिसत नाही आणि पायलटला विमान दिसत नाही.
- उसाच्या फडाच्या कडेला नको. उभा ऊस म्हंजे भिंतच, त्याच्या आडोशाला हवा गोल फिरते. फडाच्या उंचीच्या निदान वीस पट लांब राहा.
- जत, कवठेमहांकाळ भागातला उघडा सपाट माळ, आसपास झाडं-घरं नाहीत, असा सगळ्यात बरा. मालकाला आधी विचारा. शेळ्या-मेंढ्या कधी बाहेर निघतात तेही विचारा.

हवा स्थिर आहे का हे ओळखायला गळीत हंगामात एक फुकटचं साधन आहे, साखर कारखान्याची चिमणी. धूर थोडा वर जाऊन आडव्या पट्ट्यासारखा पसरून राहिला असेल तर हवा स्थिर, लगेच कामाला लागा. धूर गोळ्या-गोळ्यांनी वरखाली होत निघाला असेल तर वेळ गेली.

इशारा, कायद्याचा: आरसी विमानालाही ड्रोन नियम २०२१ लागू आहेत. डिजिटल स्कायच्या (ड्रोनसाठीच्या सरकारी पोर्टलच्या) नकाशावर जागा ग्रीन झोनमध्ये (आधी परवानगी न घेता उडवता येतं त्या भागात) आहे का ते बघूनच ठरवा. कराडच्या आसपास राहणाऱ्यांनी तर हे बघायचंच, तिथं विमानतळ आहे. आणि पायलट अनुभवी पाहिजे. प्रोजेक्टमधल्याच एकानं यूट्यूब बघून उडवायला शिकायचं, ही ती वेळ नाही.

## टप्पा ४: सेन्सर

सरळ सांगतो कुठला नको.

कप अ‍ॅनिमोमीटर नको. अर्धा-एक मीटरच्या खाली तो फिरतच नाही, फिरायला लागला की थांबत नाही, आणि वारा कुठून आला ते सांगत नाही. हवामान केंद्रावर चांगला, इथं निकामी.

पिटो ट्यूब (समोरून येणाऱ्या हवेच्या दाबावरून वेग काढायची नळी) नको. हे बऱ्याच जणांना पटत नाही कारण ड्रोनच्या किटमध्ये ती आयती मिळते. सेकंदाला एक मीटर वाऱ्याचा दाब किती? अर्धा × घनता × वेगाचा वर्ग, म्हंजे ०.५८ पास्कल. किटमधला सेन्सर अधिक-उणे दोन हजार पास्कलचा. पोत्याच्या काट्यावर वेलदोडा तोलण्यातला प्रकार आहे.

थर्मल सेन्सर घ्या. तापलेली तार किंवा तापलेला छोटा घटक, वारा लागला की गार होतो, त्यावरून वेग. कमी वेगाला हाच सगळ्यात संवेदनशील, आणि छोट्या बोर्डावर बसवलेले तयार मिळतात. कॉलेजकडं त्रिमितीय अल्ट्रासोनिक अ‍ॅनिमोमीटर असेल तर सोन्याहून पिवळं, पण तो एकच असतो. एका जागी एक नंबर सेन्सर असण्यापेक्षा दहा जागी ठीकठाक सेन्सर असणं इथं जास्त कामाचं, कारण आपल्याला भोवरा सरकताना बघायचाय.

थर्मलच्या दोन खोडी. एक, त्याला दिशा कळत नाही. म्हणून प्रत्येक सेन्सरशेजारी काडीला रेशमाचा एकेरी धागा बांधा आणि तो कॅमेऱ्यात दिसू द्या. लोकरीचा धागा जड पडतो, एवढ्या वाऱ्यात हलत नाही. दोन, हवेचं तापमान बदललं की त्याचं शून्य सरकतं, आणि पहाटे तर तापमान झपाझप बदलत असतं. त्यावर उपाय टप्पा ७ मध्ये.

रेकॉर्डिंगला ईएसपी-३२ (छोटा कंट्रोलर बोर्ड) आणि मेमरी कार्ड पुरतं. सेकंदाला वीस वाचनं घ्या. भोवरा सेन्सरवरून जायला दोन-तीन सेकंद घेतो, हजार वाचनं घेऊन नुसती फाइल फुगते.

## टप्पा ५: सेन्सर घरीच तपासा

कंपनीच्या कागदावरचा आलेख सरळ वापरू नका, प्रत्येक सेन्सर वेगळा निघतो.

१. मोठी बंद खोली किंवा हॉल घ्या. पंखे बंद, खिडक्या बंद.

२. गॅरेजमधून वायपरची जुनी मोटर आणा आणि कमी व्होल्टेजवर हळू फिरवा. तिच्यावर अर्धा मीटरचा हलका दांडा, टोकाला सेन्सर. बॅटरी आणि बोर्ड दांड्यावरच बसवा, नाहीतर वायर गुंडाळत जाईल. दुसऱ्या टोकाला तेवढंच वजन.

३. एका फेरीला लागणारा वेळ मोजा. अर्धा मीटर त्रिज्येला ३.१४ सेकंदात एक फेरी म्हंजे सेकंदाला बरोबर एक मीटर.

४. ०.३, ०.५, ०.८, १.०, १.५, २.० अशा वेगांना वाचन घ्या.

५. प्रत्येक वेळी फक्त पहिल्या एक-दोन फेऱ्यांचं वाचन धरा, मग मोटर थांबवून हवा निवू द्या. इथं लोक हमखास चुकतात, मोटर पाच मिनिटं फिरवत ठेवतात, तोवर खोलीतली हवाच दांड्याबरोबर फिरायला लागते आणि सेन्सरला वारा कमी लागतो. मग आलेख चुकतो आणि माळावर सगळे आकडे फुगून येतात.

तपासा: बंद खोलीत सेन्सरपासून हातभर लांब उदबत्ती लावा. धुराची रेघ सरळ वर जातेय तोवर वाचन हलायला नको. हलत असेल तर सेन्सरला नाही, पॉवर सप्लायला धरा.

## टप्पा ६: रेघ मांडणे

आधी दोन-तीन मोकळी टेकऑफ घ्या आणि विमान कुठं जमीन सोडतं तिथं चुन्यानं खूण करा. पायलटला सांगा रोज तसंच उडवायचं, एकसारखं चढायचं, हवेत गेल्या गेल्या स्टंट नको. दहा अंशानं चढणारं विमान जमीन सोडल्यावर साधारण अकरा-बारा मीटरवर २ मीटर उंची गाठतं. सेन्सरची रेघ तिथं, रनवेला काटकोनात.

जमीन सोडली तिथंच रेघ का नको? कारण तिथं पायलटनं नाक ओढलेलं असतं, लिफ्ट क्षणभर वजनापेक्षा जास्त असते आणि सूत्रातलं "वजन" खोटं पडतं. जरा पुढं चढ स्थिर झाला की लिफ्ट वजनाएवढीच धरता येते, दहा अंशाला फरक दीड-दोन टक्क्यांचा.

मांडणी अशी:

- रनवेच्या मधल्या रेषेपासून उजवीकडं ०.८, १.४, २.० आणि २.६ मीटरवर एकेक सेन्सर, डावीकडं तसेच चार.
- एक मधोमध, प्रॉपवॉश कळायला.
- एक दहा मीटर बाजूला एकटा, त्याला भोवरा लागत नाही, तो फक्त आजचा वारा सांगतो. हा दहावा सेन्सर वाचवू नका, सगळी वजाबाकी त्याच्यावर आहे.
- सगळ्यांची उंची २५ सेंटिमीटर. गवत असेल तर रेघेखालचं कापून काढा, नाहीतर तुम्ही गवतातला वारा मोजणार.

इशारा: खांब म्हणून लोखंडी गज वापरू नका. मोटर बंद पडली तर विमान याच रेघेवर उतरणार. बांबूच्या कामट्या नाहीतर इलेक्ट्रिकचा पातळ प्लास्टिक पाइप, लगेच मोडेल असा. रनवेच्या सरळ रेषेत पुढं कुणीही उभं राहायचं नाही, व्हिडिओसाठी तर मुळीच नाही.

## टप्पा ७: धूर, कॅमेरा आणि शून्य

धूर नसला तरी मोजता येतं, पण धूर असला की भोवरा किती उंचीवर आहे ते दिसतं आणि ती उंची पुढं लागणार आहे.

लग्नाच्या स्टेजवर धूर सोडायचं फॉग मशिन मंडपवाल्याकडं भाड्यानं मिळतं. त्याला वीज लागते, जनरेटर लांब ठेवा, त्याचा गरम धूर रेघेत येता कामा नये. मशिनचा धूर गरम निघतो आणि वर पळतो, म्हणून तो दोन-तीन मीटर पाइपातून फिरवून गार करून रेघेवर आडवा पसरवा. पातळ पडदा पुरतो. इतका दाट नको की विमानच दिसेनासं होईल.

हळद, गुलाल, पीठ उधळू का असं सांगलीत कुणीतरी विचारतंच. नको. बारीक पूड ठिणगीनं भडकू शकते, मोटरीत जाते, श्वासात जाते, आणि भोवऱ्याबरोबर नीट फिरतही नाही. दिवाळीतल्या धुराच्या गोळ्याही नकोत. जानेवारी-फेब्रुवारीत माळावरचं गवत वाळलेलं असतं, वणवा लागायला एवढंसं पुरे.

कॅमेरे दोन. एक टेकऑफच्या सुरुवातीच्या मागं, मधल्या रेषेवर, जमिनीलगत, रेघेकडं तोंड करून. त्याला दोन्ही भोवरे समोरून गोल दिसतात, धागेही दिसतात. दुसरा बाजूनं, विमानाची उंची आणि वेग काढायला. रेघेच्या अलीकडं-पलीकडं, एकमेकींपासून दहा मीटरवर दोन काठ्या, मधलं अंतर किती फ्रेममध्ये कापलं ते मोजा. सेकंदाला ६० फ्रेम असतील आणि वेग १२ मीटर असेल तर दहा मीटरला ५० फ्रेम, दोन फ्रेम इकडंतिकडं झाली तरी चूक चार टक्के. मोबाइल चालतो.

सगळ्यांची वेळ जुळवायला एक मोठा एलईडी लावा जो ईएसपीच चमकवेल आणि दोन्ही कॅमेऱ्यांत दिसेल. "व्हिडिओ आणि डेटा नंतर अंदाजानं जुळवू" म्हणणाऱ्यांचा तो कधीच जुळत नाही.

आता शून्य. प्रत्येक रनच्या आधी प्रत्येक सेन्सरवर प्लास्टिकचा पेला उपडा ठेवा, अर्धा मिनिट वाचन घ्या, पेला काढा. तापमानाची खोड यानं निघते. कंटाळवाणं आहे, दहा सेन्सर म्हंजे दहा पेले, पण हे चुकवलं की सकाळच्या पहिल्या आणि शेवटच्या रनची तुलना करता येत नाही.

## टप्पा ८: उडवायच्या आधी दोन खोट्या रन

खोटी रन पहिली, रिकामी. विमान जागेवर, सगळं चालू, तीन मिनिटं रेकॉर्ड. यातून आजच्या वाऱ्याचा सरासरी आकडा आणि चढउतार. चढउतार ०.२ च्या वर असेल तर थांबा, अर्ध्या तासात सुधारली नाही तर सामान गुंडाळा.

खोटी रन दुसरी, जमिनीवरची. विमान पूर्ण थ्रॉटलनं, रेघेच्या मधून, न उचलता पळवायचं आणि पुढं थ्रॉटल कापून थांबवायचं. यातून निव्वळ प्रॉपवॉश मिळतो. तो ०.८ मीटरवाल्यांवर थोडा दिसेल, बाहेरच्यांवर जवळजवळ नाही. मधला सेन्सर काडीसकट या रनपुरता काढून ठेवा, नाहीतर प्रॉपेलरखाली जाईल.

ही दुसरी रन म्हंजे तुमच्या रिपोर्टचा कणा आहे. परीक्षकानं "हा पंख्याचा वारा कशावरून नाही?" विचारलं की हाच आलेख पुढं करायचा.

## टप्पा ९: खरी रन

१. पेले काढा, सगळे बाजूला, रेकॉर्डिंग चालू, एलईडी चमकवा.

२. धुराचा पडदा सोडा, मशिन बंद करा, पाच सेकंद थांबा.

३. टेकऑफ.

४. विमान रेघेवरून गेल्यावर चाळीस सेकंद कुणीही हलायचं नाही.

चौथ्यावर जरा थांबतो कारण निम्मे ग्रुप इथंच माती खातात. विमान गेलं की लगेच टाळ्या, लगेच रेकॉर्डिंग बंद, कुणीतरी सेन्सरकडं पळत सुटतो. भोवरा खाली यायला पाच-सहा सेकंद, तिथून बाहेरच्या सेन्सरपर्यंत सरकायला अजून तेवढेच किंवा जास्त. पहिले काही सेकंद ग्राफ सपाटच दिसणार, ते बरोबर आहे. पळणाऱ्या माणसाच्या अंगाचा वारा मात्र नक्की रेकॉर्ड होतो.

५. पायलटनं विमान रेघेच्या डोक्यावरून परत आणायचं नाही. लांब फिरवत ठेवायचं, चाळीस सेकंद झाल्यावर इशारा करायचा, मग उतरवायचं.

६. दोन रनमध्ये निदान दोन-तीन मिनिटं. एकट्या पडलेल्या सेन्सरशी बाकीचे जुळले की पुढची.

पहिल्या दिवशी फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेला खाली झुकणारे भाग) सगळे वर. फ्लॅपच्या कडेलाही स्वतःचे भोवरे सुटतात आणि मग चार-चार भोवरे एकमेकांत गुंतलेले ओळखणं अवघड जातं. फ्लॅपची रन करायचीच असेल तर साध्या रन पुरेशा झाल्यावर. दहाएक स्वच्छ रन हव्यात, त्या एका सकाळी मिळत नाहीत, दोन-तीन सकाळी धरूनच चला.

## टप्पा १०: आकडे काढणे

प्रत्येक सेन्सरमधून शून्य वजा करा, एकट्या सेन्सरचा वारा बघा, धाग्यावरून दिशा लावा. डेटा गुळगुळीत करायचा तर अर्ध्या सेकंदाची सरासरी. पाच सेकंदांची सरासरी लावाल तर भोवराच पुसून जाईल, एक्सेलमध्ये सुंदर सपाट रेघ येते आणि लोक म्हणतात वेक नव्हताच.

मग प्रत्येक सेन्सरवर शिखर कितव्या सेकंदाला आलं ते लिहा. एका बाजूचे सेन्सर क्रमानं पेटले पाहिजेत, १.४ आधी, मग २.०, मग २.६. अंतर विरुद्ध वेळ काढला की उतार म्हंजे भोवरा सरकायचा वेग. दोन्ही बाजूंचा वेगवेगळा काढा.

समजा उजवा भोवरा सेकंदाला ०.३४ नं उजवीकडं आणि डावा ०.१४ नं डावीकडं सरकला. बेरजेचा निम्मा ०.२४, हा भोवऱ्याचा स्वतःचा वेग. वजाबाकीचा निम्मा ०.१०, हा उजवीकडं वाहणारा आडवा वारा. एकट्या सेन्सरनं आडवा वारा ०.१० च्या आसपास दाखवला तर समजा गाडी रुळावर आहे.

आता सर्क्युलेशन: ४ × पाय × भोवऱ्याची उंची × स्वतःचा वेग. उंची धुराच्या व्हिडिओतून, समजा ०.७३. म्हंजे १२.५७ × ०.७३ × ०.२४ = २.२. कागदावर २.२६ होतं, छान जुळलं. तुमचं एवढं जुळणार नाही, कमी येईल. जमिनीचं घर्षण आहे, भोवरा विरतही असतो, शिवाय जमिनीलगतची हवा उखडून एक उलटा छोटा भोवरा तयार होतो आणि तो मुख्य भोवऱ्याला परत वर उचलतो. त्यामुळं बाहेरच्या सेन्सरवर शिखर अचानक बारीक झालं तर दचकू नका, व्हिडिओत उंची बघा. उतार काढताना सुरुवातीचे सेन्सर धरा.

एक प्रश्न हमखास येतो, "एका बाजूचे सेन्सर पेटलेच नाहीत, खराब झाले का?" आधी आडवा वारा बघा. तो भोवऱ्याच्या स्वतःच्या वेगाइतका असेल तर वाऱ्याकडचा भोवरा जागच्या जागी अडकून राहतो, सरकतच नाही. सेन्सर ठीक आहेत. खऱ्या रनवेवर पायलटला हीच परिस्थिती धोक्याची, १ ते ५ नॉटचा हलका आडवा वारा असला की एक भोवरा रनवेवरच ठाण मांडून बसू शकतो. जड विमानाच्या मागून मध्यम किंवा हलकं विमान सोडताना २ मिनिटं थांबवतात, आणि रनवेच्या मधूनच टेकऑफ करणार असेल तर ३. तुमच्या ग्राफमध्ये अशी रन आली तर टाकून देऊ नका, वेगळी ठेवा.

समोरचा वाराही ध्यानात घ्या. तो ०.५ असेल तर आठ सेकंदांत भोवरा चार मीटर मागं येतो, म्हंजे रेघेवर जो भोवरा पोचला तो विमान रेघेच्या चार मीटर पुढं असताना सुटलेला. तिथं उंची जास्त होती, तीच धरा. सूत्रातला वेगही हवेच्या मानानं हवा, काठ्यांवरून काढलेल्या वेगात समोरचा वारा मिळवा.

## कुठल्या रन टाकायच्या

मनाला येईल तशा नाही. हे नियम आधीच वहीत लिहून ठेवा:

- रिकाम्या रनमध्ये चढउतार ०.२ च्या वर.
- दोन्ही बाजूंना एकाच दिशेचा झटका.
- विमान मधल्या रेषेपासून अर्ध्या मीटरपेक्षा जास्त सरकलेलं. पायलटला वाईट वाटेल, वाटू दे.
- रेघेवर उंची दीड ते अडीच मीटरच्या बाहेर.
- चाळीस सेकंदांत कुणी हललेलं. कुत्रं आलं तरी तेच.

रिपोर्टमध्ये टाकलेल्या रनही यादीत दाखवा, कारणासकट. आणि शेवटी ५ किलोच्या विमानाचे आकडे सरळ गुणून बोइंगचा वेक सांगायला जाऊ नका. तुलना करायचीच तर काळाची करा: भोवऱ्यांतलं अंतर भागिले खाली जायचा वेग. आपल्या विमानाला १.५७ ÷ ०.२३ म्हंजे सात सेकंदांच्या आत. ७० टनांचं, सुमारे ३६ मीटर पंखाचं जेट सेकंदाला ८० मीटरनं गेलं तर तोच आकडा वीस सेकंदांच्या आसपास येतो. भोवरा किती सेकंद टिकला हे न सांगता या काळाच्या किती पट टिकला ते सांगा, शेजारी रेनॉल्ड्स नंबर (आकार, वेग आणि हवेचा चिकटपणा यांवरून निघणारा तुलनेचा आकडा) लिहा (आपला ३० सेंटिमीटर रुंदीच्या पंखाला अडीच लाखांच्या आसपास, जेटचा कोटींत), आणि तेवढ्यावर थांबा.